थोरलीचं पान

आईच्या गळ्यात मंगळसूत्राबरोबर एक काळा दोरा असायचा आणि त्या दोऱ्यात चांदीचा एक टाक. टाक म्हणजे बोटाच्या पेराएवढा पत्रा, त्यावर ठोकून उठवलेली एक बाई. ती बाई म्हणजे आप्पांची, माझ्या वडिलांची, पहिली बायको. माझी आई दुसरी. आमच्याकडं पहिली वारली की दुसरीनं तिला अशी गळ्यात बांधून घ्यायची, म्हणजे ती संसारात आडवी येत नाही, असं मानतात. आप्पा गेले तेव्हा मंगळसूत्र उतरलं, पण तो दोरा आईनं कुणाला उतरू दिला नाही.

घरात त्या बाईचं नाव कुणी घेत नसे. सगळे ‘थोरली’ म्हणत. लग्नानंतरच्या तिसऱ्या पावसाळ्यात ती गेली, विशी नुकती ओलांडली होती. ताप आला आणि गेली, एवढंच आम्हा भावंडांना सांगितलेलं. फोटो नव्हता, कपडालत्ता नव्हता, तिच्या हातचं काही नव्हतं. माणूस म्हणून ती आम्हाला ठाऊकच नव्हती. ठाऊक होती ती पीडा म्हणून. म्हैस पान्हा चोरायला लागली, थोरली. बहिणीचं लग्न जमेना, थोरली. मी बारावीला गणितात नापास झालो तेव्हा आजीनं थोरलीच्या नावानं माझ्यावरून नारळ उतरवून टाकला. खरं सांगायचं तर मला ते बरंच वाटलं. वर्षभर पुस्तक उघडलं नव्हतं, ते त्या नारळाखाली झाकून गेलं.

आई मात्र तिला मनापासून भ्यायची. नवं लुगडं आलं की त्याचा पदर आधी टाकाला लावायची. गोडाधोडाचा पहिला घास टाकाला दाखवून मग आमच्या ताटात पडायचा. आम्हाला ताप चढला की टाक पाण्यात धुवायची, हळदकुंकू लावायची आणि भिंतीकडं तोंड करून पुटपुटायची, की बाई, लेकरू तुझंच आहे, तूच सांभाळ. मी शिकलो, इथंच रामनगरला शाळेत मास्तर झालो आणि तिची चेष्टा करायला लागलो. म्हणायचो, आई, बाकीच्यांच्या घरात एक सासू असते, तुझ्या वाट्याला दोन आल्या, एक चुलीपाशी आणि एक गळ्यात. ती हसायची नाही. हात दोऱ्याकडं जायचा.

थोरलीचा दिवस वर्षातून एकदा यायचा, पितृपक्षातल्या नवमीला. नवरा जिवंत असताना जी बाई जाते ती अहेव गेली म्हणतात, आणि अशा बायकांचं पान अहेव नवमीला वाढतात. त्या पानावर एक सवाष्ण बसवायची, तिचे पाय धुवायचे, ओटी भरायची, पोटभर जेवू घालायचं. ती जेवली म्हणजे गेलेली जेवली. आमच्याकडं त्या पानावर थोरलीची सख्खी धाकटी बहीण बसायची.

तिला आम्ही मावशी म्हणायचो. नात्यानं ती आमची कुणीच लागत नव्हती, पण आईच्या सवतीच्या बहिणीला दुसरं काय म्हणणार? तिचं माहेर-सासर दोन्ही गुंदच्या बाजूला, रानातल्या वाडीवर. सकाळची पहिली गाडी धरून जोयड्याला यायची, तिथं दुसरी गाडी पकडायची आणि ऊन चढायच्या आत आमच्या अंगणात उभी राहायची. काखेत पिशवी, पिशवीत तवशी, म्हणजे पावसाळी परसातल्या हाताएवढ्या काकड्या, आणि केळीच्या पानात बांधलेलं काहीतरी. कमी बोलायची. पानावरचं सगळं संपवायची. तिला काय आवडतं, किंवा तिच्या बहिणीला काय आवडायचं, असं आमच्यापैकी कुणी तिला कधी विचारलं नाही. खीर, वडे, भोपळ्याची भाजी हे ठरलेलं होतं आणि ठरलेलं ते बरोबरच असतं, अशी आमच्या घराची समजूत.

जेवण झालं की सगळ्यांनी तिच्या पाया पडायचं. आधी आप्पा. एरवी पंचांसमोर आवाज चढवणारा, पिकात दुसऱ्याचं जनावर शिरलं की काठी घेऊन त्याच्या दारापर्यंत जाणारा हा माणूस त्या दिवशी धोतर सावरत गुडघ्यांवर बसायचा आणि आपल्यापेक्षा कितीतरी लहान असलेल्या मेहुणीच्या पायांवर कपाळ टेकवायचा. नुसता हात लावून कपाळाला नव्हे. कपाळच. आणि लवकर उठायचा नाही. लहानपणी आम्हाला हसू फुटायचं. आम्ही वाकलो की मावशी ‘शाणा हो’ म्हणायची. आप्पांना मात्र ती कधी काही म्हणाली नाही. ती समोरच्या भिंतीकडं बघत बसायची आणि ते उठले की पाय आत घ्यायची. हे मी वर्षानुवर्षं बघितलं. त्याचा अर्थ लावावा असं मला एकदाही वाटलं नाही.

आप्पा जाऊन वर्ष झालं, आणि गेल्या भाद्रपदात त्यांचा पहिला म्हाळ घातला. पितरांच्या जेवणाला आमच्याकडं म्हाळ म्हणतात. तेव्हा नवमीचं काय, असं मी भटजींना विचारलं. ते म्हणाले, अहेव नवमी नवरा असेतोवरच. नवरा गेला की ते पान बंद, आता नवऱ्याच्या म्हाळातच तिचं आलं. टाकही सोडून द्या काळी नदीत. टाकाचं ऐकून आईनं पदर गळ्याभोवती घट्ट ओढला, तेव्हा तो विषय मी तिथंच थांबवला. पण नवमी बंद हे ऐकून मला सुटल्यासारखं वाटलं. सहामाही परीक्षा तोंडावर असायची, रजा मागताना हेडमास्तरांचं तोंड बघावं लागायचं, बायको पहाटेपासून चुलीशी. इडापिडा टळली, असंच मनात आलं.

मावशीला कळवायला हवं, असं बायको म्हणाली. मी करतो फोन, असं मी म्हणालो. मावशीच्या मुलाचा नंबर माझ्याकडं होता. एकदा लावला, लागला नाही. रानात रेंज नसते हे आम्हा सगळ्यांना माहीत आहे, आणि फोन न करणाऱ्या माणसाला त्याच्यासारखं सोयीचं कारण दुसरं नाही. पुन्हा लावीन म्हटलं आणि विसरलो. विसरलो असं म्हणणंही आपल्याला सोपं जाईल असंच बोलणं आहे. तो फोन एवढा महत्त्वाचा मला वाटला नव्हता.

नवमी रविवारी आली. म्हाळ उरकला होता, त्यामुळं घरात कसलं बंधन उरलं नव्हतं. बायकोनं तव्यावर सुका बांगडा भाजला होता. मी पडवीत मांडी घालून भाकरीबरोबर तो खात होतो, आई खांबाला टेकून तांदूळ निवडत होती. फाटक वाजलं. मान वर केली तर मावशी. ठेवणीतलं लुगडं, हातात नव्या हिरव्या बांगड्या, काखेत पिशवी. भाजलेल्या माशाचा वास फाटकापर्यंत गेला असणार. ती तिथंच थबकली.

आईच्या हातातलं सूप कललं आणि तांदूळ सांडले. बायको आतून आली, मावशीला बघितलं आणि परत आत पळाली. तवा मागच्या दारी आपटल्याचा आवाज आला, मग खिडक्या उघडल्याचा. मी ताटावरून उठलोही नाही आणि नीट बसलोही नाही. काहीतरी बोलायला हवं म्हणून मी मास्तरासारखा बोलायला लागलो. म्हणालो, मावशी, अगं आता नवमी नसते. आप्पा गेले ना. नवरा असेपर्यंतच अहेव. शास्त्रच आहे तसं.

मावशी पायरीवर बसली. पिशवी बाजूला ठेवली.

“ती अहेव गेली न्हवं?” तिनं विचारलं. “मग आता, मेल्यावर, इधवा कशी झाली ती?”

भटजी म्हणाले, एवढंच बोललो. ते बोलताना मला स्वतःच्याच आवाजाची लाज वाटली. वर्गात एखादं पोर गाईडमधलं उत्तर वाचून दाखवतं तसा तो आवाज होता.

आई तोवर उठून उभी राहिली होती. दोरा मुठीत धरून नुसती आतबाहेर करत होती. आता थोरली रागावणार, आता पोरांच्या मागं लागणार, असं तिचं सुरू झालं. तासाभरात सगळं रांधते, तू बस, असं ती मावशीला विनवायला लागली. मावशीनं तिचा हात धरून तिला शेजारी बसवलं.

“ती न्हाई रागवायची,” ती म्हणाली. “तिला राग यायचाच न्हाई. राग आला असता तर जगली असती.”

मग तिनं सांगितलं. आवाज न चढवता, मधेच पिशवीतली तवशी काढून ओळीनं पायरीवर मांडत सांगितलं.

त्या पावसाळ्यात आमच्या घरी लावणीला माणसं कमी पडली म्हणून मावशीला बहिणीकडं पाठवलं होतं. परकरातली पोर होती ती. रोज चिखलात बहिणीच्या शेजारी उभी राहून रोपं लावायची. थोरलीच्या पोटात दुखायला लागलं. ती वाफ्यात वाकायची आणि तशीच बसायची. मग ताप चढला. आजी म्हणाली, सोंग करते. रानातल्या माणसांना कामाची सवय नसते, लावणी आली की ह्यांची दुखणी येतात. हे वाक्य माझ्या आजीचंच होतं, ते मला लगेच ओळखू आलं. गड्याबद्दल, मोलकरणीबद्दल, माझ्या बायकोबद्दलसुद्धा ती तसंच बोलायची, फक्त गाव बदलायचं.

थोरली अंथरुणाला लागली. तिनं बहिणीला सांगितलं, भावोजींना म्हणावं मला दवाखान्यात न्या. पोर पावसात शेतावर गेली. आप्पा चिखल सारखा करायला फळी फिरवत होते. तिनं निरोप सांगितला. ते थांबले, ऐकून घेतलं. वाईट बोलले नाहीत, ओरडले नाहीत. म्हणाले, तरवा काढून ठेवलाय गं, उपटलेली रोपं थांबत नाहीत. लावणी उरकू दे, मग नेतो. दुसऱ्या दिवशी तिनं पुन्हा पोरीला पाठवलं. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा तिनं पाठवलं नाही. दुपारी पोर पेज गरम करायला चुलीशी गेली आणि पेज घेऊन परत आली तेव्हा बहीण गेलेली होती. घरात दुसरं कुणी नव्हतं, सगळे शेतावर होते.

“तिला पोचवून आले समदे,” मावशी म्हणाली, “आनि उरलेली रोपं लावली. सुतकात. मीबी लावली. मला कोन इचारतंय.”

आतून कुकरची शिटी झाली, बायकोनं भात लावला होता. आई मावशीकडं बघत होती. हे तिलाही नवं होतं, तिच्या तोंडावरूनच कळत होतं. थोरली गेली त्याच वर्षी, दिवाळीनंतर, माझी आई ह्या घरात आली, आणि आल्या दिवशी आजीनं तिच्या गळ्यात तो टाक बांधला.

“मला सांगितलं तिची नजर हाय घरावर,” आई म्हणाली. “जल्मभर भ्याले मी. भ्यायचं हुतं ते दुसऱ्यांनी.”

तिनं कुणाचं नाव घेतलं नाही. तिचा नवरा आणि तिची सासू दोघंही भिंतीवर, हार घातलेल्या फोटोत होते. मला तिकडं बघवेना. आम्ही आयुष्यभर म्हणत आलो, थोरली रागावलीय. तिनं रागवावं असं काय घडलंय हे ज्यांना पुरतं ठाऊक होतं, त्यांनीच ही भाषा घरात आणली होती. स्वतःच्या मनातला चोर त्यांनी तिच्या नावावर चढवला आणि तो वागवायला एक परकी पोर खानापूरकडून लग्न करून आणली. त्या पोरीच्या पोटी मी जन्मलो आणि तिच्याच गळ्यावर विनोद केले. लाज वाटणं म्हणजे काय ते मला त्या पडवीत कळलं.

मावशी माझ्याकडं वळली.

“तुजा बाप दर वर्सी माज्या पायावर डोकं ठेवायचा. ते बगायला यायची मी. जेवान माज्या घरीबी हाय. तो गेला, म्हटलं औंदा जाऊन बगू, ल्येक काय करतोय.”

मी अजून उष्ट्या हातानं बसलो होतो.

त्या वेळी उठून वाकायचं होतं, बाकी काही नव्हतं. तिला माझ्याकडून दुसरं काही नको होतं. पण माझ्या डोक्यात भलतंच चाललं होतं. हाताला बांगड्याचा वास येतोय, अंगावर बनियन आहे. असं कसं वाकायचं? आंघोळ करून, धोतर नेसून, पान वाढून, रीतसर करू. भटजी काही म्हणोत, आपण करू. मनातल्या मनात मी असा मोठा निश्चय करत बसलो आणि जागचा हललो नाही.

हलली आई. तिचे गुडघे धरलेले, खाली बसलं की उठवावं लागतं. ती पायरीवरून खाली उतरली, चुलीत फुंकर घालायला वाकावं तशी दोन्ही हात टेकून वाकली आणि तिनं मावशीच्या पायांवर डोकं ठेवलं. मावशी एकदम मागं सरली. तिनं आईला दोन्ही दंडांना धरून उठवलं.

“तू नगं,” ती म्हणाली. “तुजं काय न्हाई त्यात.”

आईनं तिची ओटी भरली, घरात होते ते तांदूळ आणि नारळ घालून. बायको ताट वाढते म्हणत होती, भात झालाच म्हणत होती, पण मावशी थांबली नाही. दुपारची जोयड्याची गाडी चुकली तर पुढं रानात जायला काही मिळत नाही, हे खरंच होतं. मी हात धुतले, शर्ट घातला आणि तिची पिशवी घेऊन स्टँडपर्यंत निघालो.

वाटेत ती तिच्या घरच्या गोष्टी सांगत होती. हत्ती केळीत शिरले, धाकट्या नातीला दात आले, असलं काहीबाही. मी हूं हूं करत होतो आणि मनात जुळवाजुळव करत होतो. इथं रस्त्यात वाकावं का? स्टँडवर वाकावं का? स्टँडवर रविवारची गर्दी होती. आमच्या शाळेतली दोन पोरं आईबापांबरोबर उभी होती, त्यांनी ‘नमस्कार सर’ केला. चहाच्या गाड्यावर आमच्या गल्लीतले तिघं बसले होते, त्यांनी हात वर केला. एवढ्या लोकांत मास्तर रानातल्या एका बाईच्या पायावर डोकं ठेवतोय, हे चित्र मला दिसलं. उद्या कुणीतरी विचारलं असतं, काय सर, काय झालं होतं? मग काय सांगायचं होतं मी?

गाडी लागलीच होती. मावशी चढली, खिडकीपाशी बसली. मी पिशवी आत दिली. मला वाटलं आता काहीतरी मनापासून बोलावं. मी खिडकीची दांडी धरली आणि म्हणालो, मावशी, चूक झाली आमची. पुढच्या वर्षी ये. पुढच्या वर्षी सगळं रीतसर करू.

तिनं माझ्याकडं बघितलं. त्या बघण्यात राग नव्हता, उलट बरीच ओळख होती.

“व्हय,” ती म्हणाली. “तुजा बापबी असंच म्हणाला हुता.”

गाडी सुटायला अजून वेळ होता. ड्रायव्हर खाली उतरून कुणाशी तरी बोलत होता, कंडक्टर चहा पीत होता. दार उघडं होतं. दोन पायऱ्या चढून आत जायचं आणि तिच्या सीटपाशी खाली बसायचं, एवढंच होतं. मी खिडकीखाली उभा राहून तिला सांगत राहिलो, की पोचल्यावर फोन कर.